मेंदूचा ऑक्सिजन मोजताना

मेंदू वजनानं शरीराच्या जेमतेम 2 टक्के. पण ऑक्सिजन वापरतो सुमारे 20 टक्के! मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात मेंदूतल्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण नष्ट होत जातं. एमआरआयमध्ये डाग दिसतात. पण बाकीचा मेंदू किती काम करतोय, हे नुसत्या डागांवरून कळत नाही. म्हणून 2012 सालचं न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांचं काम मला मोलाचं वाटतं. त्यांनी या रुग्णांच्या मेंदूचा ऑक्सिजनचा वापर एमआरआयनंच मोजला. कवटीखाली मधोमध एक मोठी शीर असते. मेंदूतून परतणारं बरंचसं रक्त तिच्यातून वाहतं. ऑक्सिजन जितका कमी, तितका रक्ताचा चुंबकीय संकेत लवकर विरतो. हा विरण्याचा वेग आणि रक्तप्रवाह मोजला, की मेंदूनं वापरलेल्या ऑक्सिजनचा हिशेब लागतो. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. रुग्णांमध्ये हा वापर कमी भरला. ज्यांचं अपंगत्व जास्त, त्यांच्यात तर आणखी कमी.