फुलदाणीच्या तळाचें नांव

कांचेची फुलदाणी हातीं येतांच जाणता संग्राहक ती प्रथम उलटी करतो व तळाशीं करणाराचें नांव शोधतो. पूर्वीं हा शोध बहुधा व्यर्थ जाई. कारखान्यांत आकृति रेखाटणारा निराळा, भट्टीपुढें नळी फुंकणारा निराळा. आणि खूण असलीच तर कारखान्याची.

१९६२ च्या मार्च महिन्यांत अमेरिकेंतील टोलेडो येथें ही रीत मोडावयास आरंभ झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठांत कुंभारकाम शिकविणारे हार्वे लिटलटन यांनीं तेथील कलासंग्रहालयाच्या आवारांत, एका गॅरेजांत, एकट्या कलावंतास पेलेल अशी लहान भट्टी मांडली. पहिली कांच नीट वितळेना. तेव्हां कांचतज्ज्ञ डॉमिनिक लबिनो यांनीं भट्टीची रचना बदलविली व सहज वितळणाऱ्या कांचेच्या गोट्या पुरविल्या. फुंकर कशी घालावी, हात कसा चालवावा, हें दाखविलें तें हार्वे लीफग्रीन या निवृत्त कारागिरांनीं. त्या दिवसांतलीं पात्रें जाड, बुडबुड्यांनीं भरलेलीं; सुंदर म्हणवत नाहींत, तरी संग्राहक तीं जपतात, आणि तें योग्यच.

१९६५ मध्यें लबिनो नोकरी सोडून स्वतःच कांच फुंकण्यांत रमले. त्यांच्या फुलदाण्यांच्या तळाशीं नांव, महिना व साल कोरलेलें आढळतें. लीफग्रीन यांनीं दिलेली विद्या मात्र तेथें कोठेंहि लिहिलेली नसते.