बहात्तर तासांची मुदत

नोकरीनिमित्त परगावी राहणारा एक तरुण शनिवारची रात्र नव्याने परिचय झालेल्या व्यक्तीच्या सहवासात घालवतो. निरोध वापरावयाचा राहून जातो. रविवारी सकाळी मनात शंका डोकावते. पण आज दवाखाने बंद असणार, अशी तो स्वतःची समजूत घालतो. सोमवारी कचेरीत काम फार निघते. मंगळवारी तो औषधाच्या दुकानापर्यंत जातो; तेथे शेजारचे गृहस्थ उभे दिसतात, तेव्हा डोकेदुखीची गोळी घेऊन परत फिरतो. बुधवारी तो डॉक्टरांपुढे बसतो, त्या वेळी ७२ तासांची मुदत आदल्या रात्रीच उलटून गेलेली असते. हा तरुण काल्पनिक आहे. त्याची दिरंगाई मात्र काल्पनिक नव्हे.

ही मुदत एखाद्या खात्याच्या नियमावलीतून आलेली नाही. ती विषाणूच्या वाटचालीवरून ठरली आहे. एच.आय.व्ही. शरीरात शिरला की तो तत्काळ सर्वत्र पसरत नाही. प्रथम तो प्रवेशद्वाराजवळच्या पेशींत आश्रय घेतो, तेथून दोनतीन दिवसांत लसिकाग्रंथींत पोहोचतो आणि मग रक्तात उतरतो. पेशीत शिरल्यावर तो आपल्या आनुवंशिक द्रव्याची प्रत तयार करून ती पेशीच्या मूळ द्रव्यात गुंफून टाकतो. ही गुंफण पक्की झाली व अशा पेशी शरीरात साठून राहिल्या, की त्यांना समूळ काढून टाकणारे औषध आजही वैद्यांच्या हाती नाही. म्हणून जे करावयाचे ते त्यापूर्वीच केले पाहिजे. हीच औषधयोजना वैद्यकीय व्यवहारात ‘पेप’ या आखूड नावाने ओळखली जाते.

तिच्या उपयुक्ततेचा पुरावा कसा मिळाला, हेही जाणून घेण्यासारखे आहे. निम्म्या लोकांना औषध द्यावयाचे आणि निम्म्यांना मुद्दाम त्यापासून वंचित ठेवावयाचे, असा प्रयोग माणसांवर करणे कोणत्याही विवेकी वैद्यास मान्य होणार नाही. तेव्हा पुरावा आडवाटेने आला. दूषित सुई टोचलेल्या रुग्णालयीन कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. झिडोव्हुडिन हे औषध घेतलेल्यांमध्ये संसर्गाचा संभव सुमारे ८१ टक्क्यांनी कमी असल्याचे त्यात आढळले. पुढच्याच वर्षी माकडांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. माकडांच्या रक्तात एच.आय.व्ही.चा भाऊबंद असलेला विषाणू सोडून मग त्यांना टेनोफोव्हिर देण्यात आले. ज्यांना २४ तासांनी औषध सुरू करून ते २८ दिवस दिले, ती सर्व वाचली. ज्यांना उशिरा दिले अथवा ज्यांचे मध्येच थांबवले, त्या गटांतील काहींना संसर्ग झाला. लवकर सुरुवात करणे आणि शेवटपर्यंत घेणे, ही दोन्ही पथ्ये या प्रयोगातून अधिक स्पष्ट झाली.

ते टेनोफोव्हिर, त्याच्या जोडीला लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर, अशी तीन औषधे एकाच गोळीत मिळतात. बहुतेकांना दिवसातून एक गोळी, २८ दिवस, एवढीच ही योजना असते. शक्य तर पहिल्या काही तासांत आणि काहीही झाले तरी ७२ तासांच्या आत ती सुरू व्हावयास हवी. पहिली गोळी घेण्यासाठी तपासण्यांच्या निकालाची वाट पाहत बसू नये. रक्ताचा नमुना द्यावा आणि गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचे कार्य पाहिले जाते, तसेच हिपॅटायटिस बी आहे काय हेही तपासतात. कारण यांतील दोन औषधे त्या रोगावरही चालतात आणि ती एकाएकी बंद केल्यास तो उसळण्याचा धोका असतो. आम्लपित्तावरची, लोहाची व कॅल्शियमची औषधे डोल्युटेग्रॅव्हिरचे शोषण कमी करतात. आपल्याकडे आम्लपित्ताची गोळी चघळणे हे कोणी औषध घेणे समजतच नाही, त्यामुळे ही गोष्ट डॉक्टरांना सांगावयाची राहून जाते! पुढे साधारण सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. तोवर निरोध वापरावा व रक्तदान करू नये.

प्रत्येक प्रसंगी हे औषध लागतेच असे नाही. चुंबनाने, एका ताटात जेवल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. जोडीदारास संसर्ग असला, पण नियमित उपचारांमुळे त्याच्या रक्तातील विषाणू चाचणीत न सापडण्याइतका क्षीण झालेला असला, तर शरीरसंबंधातून तो पसरत नाही. नव्या परिचयात मात्र असे काहीच ठाऊक नसते. चेहऱ्यावरून, वेषावरून किंवा बोलण्यातील सभ्यतेवरून जे अनुमान काढले जाते, त्याला काडीचाही आधार नसतो. ज्याच्यावर असे प्रसंग वारंवार येतात, त्याने आधीपासून घ्यावयाच्या प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. तीही उपलब्ध आहे.

भारतात या विषाणूचा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांच्या कामातून लागला. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत संसर्गितांना मोफत औषधे मिळू लागली. २०१७ साली झालेला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला कायदा असे सांगतो, की संमतीवाचून कोणाची ही चाचणी करता येत नाही आणि तिचा निकाल गुप्त राखला पाहिजे. पण ‘पेप’ची प्रथा आपल्याकडे प्रामुख्याने सुई टोचलेली परिचारिका आणि अत्याचारपीडित स्त्री यांच्यासाठी रुजली. स्वखुशीने ठेवलेल्या संबंधानंतर कोणी ते मागू लागला, की काही ठिकाणी गोळीच्या आधी उपदेश मिळतो. हा उपदेश वैद्यकशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात सांगितलेला नाही. सुई टोचली काय आणि मोह झाला काय, विषाणूला दोन्ही सारखेच. माणूस लाजेने तीन दिवस घालवतो, आणि पुढच्या व्यक्तीच्या कपाळावरील आठी पाहून चौथ्या दिवशीही परत फिरतो.

रविवारी बाह्यरुग्ण विभाग बंद असला तरी मोठ्या सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. तेथे सगळी हकीकत सांगण्याची गरज नसते. संबंध केव्हा आला, कोणत्या प्रकारचा होता आणि निरोध वापरला होता काय, एवढे सांगितले तरी पुरते. कोठे जावे हे सुचत नसेल तर १०९७ हा दूरध्वनी क्रमांक देशभर विनामूल्य लागतो, आणि तेथे नाव सांगावे लागत नाही.