साबणाला पाणीच लागतं का?

(सोलापुरातील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त पाठ)



बाहेर पारा चाळिशीपार असताना तुम्ही रसायनशास्त्र ऐकायला आलात, तेव्हा सुरुवात आजीच्या फडताळापासून करतो. अमृतधारा आठवते? कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत घालून बूच लावलं की थोड्या वेळात आत पातळ द्रव. पाण्याचा थेंब नाही, विस्तव नाही. एकटा कापूर वितळायला 175 अंश लागतात, ओव्याच्या फुलाला सुमारे 50. एकत्र आले की ते एकमेकांची घडी विस्कटतात आणि कुणालाच पुन्हा खडा होता येत नाही.

2003 साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी हाच खेळ कोलीन क्लोराईड आणि युरियाशी केला. पहिलं कोंबडीखाद्यात घालतात. दुसऱ्याची पोती आपल्या उसाच्या फडात रिकामी होतात. पहिलं 302 अंशांना वितळतं, दुसरं 133ला. पण 140 ग्रॅमला 120 ग्रॅम असं घेऊन तापवत ढवळलं, की होणारा नितळ द्रव 12 अंशांपर्यंत गोठत नाही. वितळणबिंदू इतका खोल घसरतो म्हणून नाव डीप युटेक्टिक सॉल्व्हंट. या मिश्रणाला रिलाइन म्हणतात.

आता साबण. त्याच्या रेणूला एक डोकं, एक लांब शेपूट. डोक्याला पाणी मानवतं, शेपटीला तेल. शेपूट पाण्याला घाबरते असं पुस्तकं सांगतात. मला ते पटत नाही. पाण्याचे रेणूच एकमेकांचे हात इतके घट्ट धरून असतात की शेपटीला आत घ्यायला ते राजी नसतात. मंगळवेढ्याकडच्या माळावर भर दुपारी मेंढरं पाहिलीत? सावली नसली की एकमेकांच्या पोटाखाली डोकी खुपसून, पाठी बाहेर करून गोल उभी राहतात. साबणाचं उलटं: शेपट्या आत, डोकी बाहेर. या घोळक्याला मायसेल म्हणतात. मळाचं तेल त्याच्या पोटात शिरतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं. शाम्पूच्या घराण्यातलं सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या. पाण्यात ते लिटरमागे सव्वादोन ग्रॅमपर्यंत सुटंसुटं असतं; त्यापुढे साधारण साठ-साठचे घोळके जमतात.

पाणी कमी केलं, किंवा काढूनच घेतलं तर? दिल्लीच्या आयआयटीत सिद्धार्थ पांडे आणि सहकाऱ्यांनी 2014च्या सुमारास हेच द्रव्य रिलाइन आणि पाणी यांच्या मिश्रणात पाहिलं. नुसत्या पाण्यापेक्षा बऱ्याच कमी साबणात घोळके जमले. पुढच्या वर्षी इंग्लंडमधल्या बाथच्या कॅरन एडलर यांच्या गटानं रिलाइनमधले घोळके तपासले, तर आकार चेंडूसारखा नव्हे, लांबट नळीसारखा निघाला. कारण मला फार आवडतं. पाण्यात ही डोकी ऋणभारित, एकमेकांना ढकलणारी. रिलाइन म्हणजे कोलीन क्लोराईड हे मीठ आणि युरिया असल्यानं धनभारित कोलीन मध्ये येऊन बसतं. डोकी शेजारी शेजारी मावतात आणि घोळका लांबतो. पण आधी घोळका जमतो तरी का? युरिया आणि क्लोराईड यांचेही हात एकमेकांत गुंतलेले असतात म्हणून. हात धरणं ही काही पाण्याची मिरासदारी नाही.

मग पाण्याविना आपलं सोलापूरचं कापड धुता येईल का? मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडावर पाणी टाका, थेंब घरंगळतात. कापसाचं मेण, वर खळ. ते काढायला साबण, सोडा आणि उकळतं पाणी लागतं. पाणी इथं उजनीहून पाइपातून येतं, तेही नळाला रोज नाही. म्हणून उद्यापासून कापड रिलाइनमध्ये धुवा, असं सांगणारा मी नव्हे. हा द्रव मधासारखा दाट, हवेतला ओलावा ओढणारा, आणि कापडातून काढायला शेवटी पाणीच लागेल. त्याला ‘हरित’ म्हणण्याची घाई मला खटकते. त्याची खरी जागा दुसरीकडे आहे: धातूचा मुलामा देताना, किंवा मायसेलचाच साचा वापरून बारीक छिद्रांचे पदार्थ घडवताना.

एक चिठ्ठी आली आहे: नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी का टिपत नाही? कारखान्यात मऊपणासाठी दिलेल्या द्रव्याचं डोकं बहुधा धनभारित असतं, ते कापसाला चिकटतं आणि शेपट्या बाहेर राहतात. म्हणजे तुमच्या अंगाला शेपट्या लागतात, सूत नव्हे. दोन-तीनदा गरम पाण्यात धुवा, आणि घरी पुन्हा सॉफ्टनर घालू नका.