कामाच्या दिवसाचे शेंगोळे

घोडेगावच्या कांदा मार्केटात लिलावाचा दिवस म्हणजे घरातल्या बाईलाही उसंत नसते. संध्याकाळी मुलं म्हणतात, "आई, पास्ता कर." बेक केलेल्या पास्त्याला चीज हवं, ओव्हन हवा. पण कणीक मळून, आकार देऊन रसात शिजवायची, ही युक्ती नगरकडच्या घरांत आधीपासूनच आहे. तिचं नाव शेंगोळे.

दोन वाट्या हुलग्याचं पीठ घ्या, कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात तेच. त्यात अर्धी वाटी गव्हाचं पीठ घाला, म्हणजे शेंगोळे तुटत नाहीत. आठ-दहा लसूण पाकळ्या, जिरं आणि मीठ एकत्र वाटून त्यातलं निम्मं वाटण, तिखट आणि हळद पिठात मिसळा. पीठ घट्टच मळा, सैल झालं तर रसात विरघळतं. तळहाताला तेल लावून करंगळीएवढ्या वळ्या करा. हे काम मुलांना द्या, त्यांना फार आवडतं.

पातेल्यात तेलावर मोहरी आणि उरलेलं वाटण परता, पाच-सहा वाट्या पाणी आणि चवीपुरतं मीठ घाला. पाणी खळखळून उकळल्यावरच एकेक शेंगोळा सोडा. लगेच ढवळू नका. झाकण थोडं उघडं ठेवून वीसेक मिनिटं मंद आचेवर शिजवा. रस पातळ वाटला तर चमचाभर पीठ पाण्यात कालवून घाला.

वरून कोथिंबीर, शेजारी बाजरीची भाकरी आणि बुक्कीनं फोडलेला आपल्याच शेतातला कांदा.