झाड पाडणे आणि यंत्रबळाची मर्यादा



पांढरकवडा, घाटंजी, उमरखेड या भागांत ज्यांची हयात सागाच्या कुपांत आणि लाकडाच्या डेपोंत गेली, अशी मंडळी समोर बसली असता वृक्षतोडीवर बोलणे हे धार्ष्ट्यच होय. तथापि माझा विषय जंगलातील शास्त्रोक्त तोडीचा नसून वावराच्या धुऱ्यावर किंवा विहिरीच्या काठी उभ्या असलेल्या त्या एकट्या झाडाचा आहे, की जे पाडताना जाणता आराकश बहुधा हजर नसतो, ट्रॅक्टर मात्र हटकून हजर असतो.

साग, आंबा, चिंच, मोह यांसारखी झाडे तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी, अशी तरतूद राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाने केलेली आहे. परंतु परवाना हाती पडल्यावर ते झाड कोणत्या अंगाला कोसळेल, हे कोणत्याही दफ्तरातील हुकूम ठरवू शकत नाही. ओढीचे बळ आपल्याकडे पूर्वापार जनावरांचे होते. बल्ल्या बैलांनी ओढल्या, आणि गडचिरोलीकडे कमलापूरचे हत्ती लाकूडओढीच्या कामावर होते. जनावर धोका पाहून अडते, यंत्र अडत नाही. म्हणून यंत्राच्या वाट्याचा विवेक माणसाला स्वतःच्या अंगावर घ्यावा लागतो.

त्या विवेकाचे पहिले सूत्र असे, की झाड पाडते ते त्याचे स्वतःचे वजन. दोराने त्याला केवळ दिशा द्यावयाची असते. ज्या बाजूस झाड पडावे त्या बाजूस खोडाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी खाच घ्यावी, दोर जेमतेम ताणावा, आणि मग पाठीमागून, खाचेच्या तळाहून किंचित वर, काप द्यावा; मात्र दोहोंच्या मध्ये खोडाच्या जाडीच्या सुमारे एक-दशांश लाकूड अखंड राखावे. ही पट्टी म्हणजे झाडाची बिजागरी. ती शाबूत आहे तोवर झाड सहसा दिशा सोडत नाही. ताण आरंभीच अतोनात दिला, तर खोड उभे चिरून त्याची फाक कापणाऱ्याच्या छातीवर उसळते.

दोराचा हिशेबही भूमितीचाच आहे. झाड ६० फुटांचे, दोर ४० फुटांवर बांधलेला आणि ट्रॅक्टर बुंध्यापासून ८० फुटांवर, असे धरले तर मधला दोर सुमारे ९० फूट भरतो. वेढे आणि गाठी धरून १०० फूट तरी हवा. प्रत्यक्षात ५० फुटांचा नाडा आणून ट्रॅक्टर शेंड्याच्या टप्प्यातच उभा केला जातो! त्यातही दोर मागील खालच्या दांड्याला न बांधता उंच अडकवला, तर पुढची चाके उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटतो. आपल्या काळ्या जमिनीत, विशेषतः पाऊस पडून गेल्यावर, चाके जागीच फिरू लागतात. मग चालक मागेपुढे करून हिसके देतो, आणि हिसक्याने तुटलेला तारेचा दोर चाबकासारखा परततो.

म्हणून शक्य तेथे विंच किंवा हाताची चेन-पुली बरी. ती सावकाश ओढते आणि थांबविली तेथे ताण धरून राहते. एखाद्या भक्कम बुंध्याला कप्पी बांधून दोर काटकोनात वळविला, की वाहन पडत्या झाडाच्या मार्गातून बाजूस काढता येते. मात्र त्या बुंध्यावर ओढीच्या सुमारे १.४ पट भार येतो, हे ध्यानात ठेवून तो निवडावा, आणि वळणाच्या आतील कोनात चिटपाखरूही उभे राहू देऊ नये. खोड पोकळ असेल किंवा वीज-तार जवळ असेल, तर त्या दिवशी दोराला हातच लावू नये. पोकळ खोडासाठी जाणता माणूस बोलवावा, तारेसाठी आधी वीजपुरवठा बंद करवून घ्यावा.

एक गोष्ट उरते, आणि ती यंत्राची नसून अधिकाराची आहे. ट्रॅक्टरचा मालक गावात वजनदार असतो, करवत धरणारा मजूर असतो. परिणामी हुकूम चालतो तो ज्याला लाकडाचा आवाज ऐकू येत नाही त्याचा. हा क्रम उलटला पाहिजे: कापणाऱ्याच्या खुणेवाचून चालकाने चाक हलवू नये. ट्रॅक्टर ठरविताना भाड्यासाठी आपण पैशापैशाची घासाघीस करतो. तितक्याच काटेकोरपणे दोराची लांबी आणि हुकुमाचा धनी आधी ठरवावा, एवढीच विनंती.