वर्षभराच्या कामात हे कुठं लिहायचं?

भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, भांगलणीला जाताना मोबाईलवर रेडिओ लावणाऱ्या तुम्हा सगळ्यांना बचत गटाच्या या ताईचा नमस्कार. आज बोलायचंय ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या कामाबद्दल.

पंचायतीनं वर्षात काय केलं, असं कुणी विचारलं तर आपण काय सांगतो? गटार झालं, पाण्याची टाकी झाली, खांबावर दिवे लागले. ही कामं हवीतच. पण २०२२ साली आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं एक काम असं केलं, की त्याला ना निविदा लागली, ना ठेकेदार.

ते राजर्षी शाहू महाराजांचं स्मृती शताब्दी वर्ष होतं. महाराज गेले ६ मे १९२२ ला. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा त्यांनी कोल्हापूर संस्थानात १९१७ सालीच केला होता. त्यांच्या शंभराव्या स्मृतिदिनाच्या दोन दिवस आधी, ४ मे २०२२ ला, हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. तिला चारचौघींसारखं मानानं जगू द्यायचं. सरपंच होते सुरगोंडा पाटील. ठराव मांडला एका बाईनं आणि अनुमोदन दिलं तेही बाईनंच. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं.

बातमी वाचली तेव्हा मला आनंद झाला, आणि लाजही वाटली. कारण त्याच वर्षीच्या संक्रांतीला आमच्या गटाच्या हळदी-कुंकवाची यादी मीच केली होती. वाण किती, तिळगूळ किती, सगळा हिशेब माझ्याकडं. आमच्या गटातल्या एका ताईचा नवरा कोरोनात गेला होता. तिचं नाव मी यादीत लिहिलंच नाही. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी बी.ए. झालेली, मेळाव्यात समानतेवर बोलणारी, आणि हात आपोआप थांबला. ती ताई त्या दिवशी आली, आतल्या खोलीत चहा करत बसली, आणि कप बाहेर आम्ही नेले. गटाचा हप्ता मात्र तिचा कधी चुकला नव्हता.

पुढं आमच्या गावात महिला ग्रामसभा झाली. भाऊसाहेबांनी वर्षभराच्या कामांचा अहवाल वाचला. वाचून झाल्यावर ती ताई उभी राहिली. म्हणाली, "गटार झालं, दिवं लागलं, बरं झालं. पर आमच्यासारख्यांचं काय झालं ह्या वर्षात? हेरवाडवाल्यांनी केलं, आपल्याला का जमंना?" सगळ्या गप्प. मग मागून एक म्हातारी बोलली, "लिवा की वं भाऊसाहेब, ती काय पैसं मागती व्हय?" ठराव लिहिला गेला आणि पुढच्या ग्रामसभेत मंजूरही झाला.

पण मैत्रिणींनो, ठराव म्हणजे कायदा नव्हे. तो मोडला म्हणून पोलीस कुणाला धरत नाहीत. त्याची परीक्षा दारात तिरडी असते तेव्हा होते. ठरावानंतर काही महिन्यांनी आमच्या गल्लीत एक तरुण माणूस गेला. जाणत्या बायका नेहमीप्रमाणं बांगड्या फोडायला पुढं झाल्या. तेव्हा आमची तीच ताई त्या पोरीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन बसली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "गावानं ठरवलंय." आणि ते दोन शब्द पुरले. एकटीच्या तोंडात ते बळ येत नाही, ते ठरावानं आलं.

बांगड्या राहिल्या, पण घर? दिवस कार्य झाल्यावर आम्ही त्या पोरीला घेऊन पंचायतीत गेलो. पंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं. हिंदू वारसा कायद्यानं १९५६ पासून नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला मुलांच्या बरोबरीनं वाटा आहे. पण वारस म्हणून नाव लावायला अर्ज कुणीतरी द्यावा लागतो. मृत्यूचा दाखला जोडून घरासाठी पंचायतीत आणि शेताच्या सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडं अर्ज दिला. उत्पन्न तुटपुंजं होतं, म्हणून संजय गांधी निराधार योजनेचा अर्जही तहसीलला भरला. कपाळावरचं कुंकू राहणं हा मान आहे. उताऱ्यावर नाव लागणं हा आधार आहे. दोन्ही पाहिजेत.

म्हणून तीन गोष्टी सांगते. पहिली, वर्षात किमान चार ग्रामसभा होतात आणि त्याआधी महिलांची सभा भरते. तिला जा, सही करून परत येऊ नका, बसा. दुसरी, आपल्या गावात असा ठराव झालाय का, विचारा. झाला असेल तर गावात कुणी गेलं की तो आठवण करून द्यायला कोण जाणार, ते गटात आधीच ठरवून ठेवा. तिसरी, आजच नमुना आठचा उतारा मागून बघा. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर लावता येतं. ते दोघं धडधाकट असतानाच करून घ्या.

यंदाच्या संक्रांतीला यादी परत मीच केली. त्या ताईचं नाव सगळ्यात वर लिहिलं. ती आली, बाहेर बसली, आणि पहिलं हळदी-कुंकू तिच्याच हातानं लावून घेतलं. पंचायतीच्या अहवालात याला रकाना नाही. पण आमच्या गटाच्या वहीत, वर्षभरात काय केलं त्या पानावर, मी ते लिहून ठेवलंय.