शिंपल्याचा धागा
(व्याख्यानाचा संपादित भाग)



शास्त्रकारांनी शंख-शिंपल्यांची गणना द्वींद्रिय, म्हणजेच त्रस जीवांत केली आहे. खडकाला चिकटून बसलेला शिंपला पाहिला की सामान्य माणसाला शंका येते, हा हलतो तरी कोठे? त्याचे उत्तर शिंपल्याच्या धाग्यात आहे.

कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील हिरव्या कवचाचा शिंपला, ज्याला गोव्यात शिणाणे म्हणतात, कवचातून जिभेसारखा एक पाय बाहेर काढतो. पायाच्या तळाशी बारीक खोबण असते. पायाचे टोक खडकावर टेकवून तो या खोबणीत द्रवरूप प्रथिन सोडतो. काही मिनिटांत त्याचा धागा घट्ट होतो आणि टोकाशी चिकट चकती तयार होते. असे अनेक धागे मिळून त्याचा नांगर होतो. ओल्या पृष्ठभागावर आपला साधा डिंक टिकत नाही. हा मात्र लाटांच्या माऱ्यातही टिकतो. या चिकटपणामागे ‘डोपा’ नावाचे अमिनो आम्ल असल्याचे १९८१ साली हर्बर्ट वेट यांनी दाखविले.

धाग्याची घडणही पाहण्यासारखी आहे. खडकाकडील भाग ताठ, तर शरीराकडील भाग लवचीक. कापडाच्या व्यवसायात ज्यासाठी दोन निराळी सुते घ्यावी लागतात, ते येथे एकाच धाग्यात साधले आहे!

जागा गैरसोयीची वाटली तर शिंपला पाय लांबवून पुढे नवे धागे रोवतो, त्यांवर स्वतःला ओढून घेतो आणि जुने टाकून देतो. लहान वयात हे स्थलांतर अधिक. म्हणजे चिकटून राहणे हीदेखील त्याची सततची क्रियाच होय.

भूमध्य समुद्रातील ‘पिन्ना नोबिलिस’ हा शिंपला सुमारे १२० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. टोकदार बाजू वाळूत रोवून तो उभा राहतो आणि सोनेरी झाक असलेल्या तंतूंनी जखडून घेतो. इटलीतील तारांतो व सार्डिनियातील सांत आंतिओको येथे या तंतूंपासून ‘सागरी रेशीम’ विणले जाई. हातमोजे, टोप्या अशा वस्तू. किंमत अर्थातच श्रीमंतांपुरती. मात्र एका जीवापासून तंतू मिळे अगदी थोडा, आणि त्यासाठी तो मुळासकट उपटावा लागे. ज्या धाग्याने जीव तग धरतो, तोच तोडून वस्त्र करावयाचे! रेशमाच्या किड्याची कथा आपणांस ठाऊक आहे. ही तिचीच सागरी बहीण.

युरोपीय संघाने १९९२ च्या निर्देशान्वये या शिंपल्याला संरक्षण दिले. परंतु कायद्याला न दिसणारा शत्रू २०१६ मध्ये आला. एका एकपेशीय परजीवीमुळे स्पेनच्या किनाऱ्यापासून साथ पसरली, कित्येक ठिकाणी जवळजवळ सर्व शिंपले मेले, आणि २०१९ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त घोषित झाली. एब्रो नदीच्या मुखाजवळील उपसागरांसारख्या, क्षारता निराळी असलेल्या काही बंदिस्त पाण्यांत थोडे जिवंत आहेत. अन्यत्र रिकामी कवचे वाळूत अजून उभी आढळतात.